पाच जणींच्या देखत

आमची शाळा डिचोलीपासून थोडी आत, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. मराठी प्राथमिक शाळा. मुख्याध्यापिका आणि बालवर्गाच्या बाई धरून आम्ही तेव्हा सहा जणी होतो. शिकवण्याच्या बाबतीत माझं नाव चांगलं होतं. पालक माझ्या वर्गात मूल घालावं म्हणून मुख्याध्यापिकेकडे चिठ्ठ्या आणायचे. "बाई जीव लावून शिकवतात," असं म्हणायचे, आणि थोडं थांबून, "पण..." असं म्हणून गप्प व्हायचे. त्या 'पण'च्या पुढे काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. लोकांना माझी माया सोसत नाही, असा माझा समज होता.

माझं घर नार्व्याला. नवरा मूळचा दोडामार्गकडचा. तरुणपणी तो सुर्ल्याच्या खाणीवर कामाला आला आणि इथेच राहिला. ट्रकांच्या देखरेखीचं त्याचं काम. बोलणं कमी. आम्हाला एकच मुलगी. ज्या गोष्टीबद्दल मी लिहिते आहे, ती घडली तेव्हा मुलगी सहावीत होती.

त्या जून महिन्यात शाळेत एक नवीन शिक्षिका रुजू झाली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, धारगळची माहेरवाशीण, लग्न होऊन डिचोलीला आलेली. पहिल्या दिवशी तिने डबा आणला नव्हता. मधल्या सुट्टीत पाववाल्या पोदेराकडून उंडो, म्हणजे गोल पाव, आणून कोरडाच खात बसली होती. मी माझ्या डब्यातली तोणाक, म्हणजे आमची उसळ, तिच्यापुढे सरकवली. तिने उंडो बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "ताई, अगदी आईच्या हातची चव." मला कोणी ताई म्हटलं की मी विरघळते. त्या दिवशी घरी गेले ती तिच्याविषयी बोलतच.

आठ दिवसांत अशी वेळ आली की ती दिसली नाही तर मला चैन पडेना. सकाळी बस पकडण्याआधी मी तिला फोन करायची, घरी पोहोचल्यावर पुन्हा. रविवारी काही कारण काढून तिसरा. तिच्यासाठी पातोळ्या करून नेल्या. माझ्या दोन चांगल्या साड्या तिला दिल्या. ती नको म्हणत होती, तरी दिल्या. नवऱ्याला म्हणाले, "अशी मुलगी मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्या मनातलं न बोलता ओळखते."

तो चहा पीत होता. म्हणाला, "गेल्या वर्षी त्या शिवणवाल्या बाईबद्दल पण तू असाच सांगत होतंस."

त्या एका वाक्यासाठी मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण त्याचं म्हणणं खरं होतं. शिवणवाली होती, तिच्या आधी शेजारची होती, तिच्याही आधी माझी सख्खी धाकटी बहीण होती. प्रत्येक बाई आधी देवासारखी वाटली होती, आणि मग एक दिवस तिने 'आपलं खरं रूप दाखवलं' होतं. बहिणीशी मी चार वर्षं बोलत नव्हते. कारण विचारलं तर मी अर्धा तास सांगू शकायची. ऐकणाऱ्याला शेवटी काहीच कळायचं नाही, कारण कारण नव्हतंच. तिने तिच्या मुलाच्या बारशाला मला एक दिवस आधी बोलावलं नव्हतं. बस्स.

श्रावणात एका शनिवारी ती शिक्षिका माझ्याकडे जेवायला आली. सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं आणि आम्ही दोघी नदीकडे गेलो, फेरीबोट लागते तिथे. बोट पलीकडे गेली होती. धक्क्यावर आम्ही दोघीच होतो. तिथे तिने मला सांगितलं की तिला लहानपणापासून फीट येते. गोळ्या चालू आहेत, पाच वर्षांत एकदाही आलेली नाही. पण लग्न ठरताना तिच्या वडिलांनी ते सासरी सांगितलं नाही, आणि आता सांगायचा तिला धीर होत नाही. "नवऱ्याला सांगेन हो ताई. तो समजून घेईल. सासूबाईंची भीती वाटते. जरा वेळ पाहून सांगेन." गोळ्या ती पर्समध्ये केसांच्या पिनांच्या डबीत ठेवायची.

मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "माझ्या पोटात राहील. माझ्या मुलीची शपथ."

तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं. खोटं बोलत होते असं म्हणता आलं असतं तर आज सोपं गेलं असतं.

मग चवथ आली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. मी तिला पंचमीला जेवायला बोलावलं होतं. ती म्हणाली होती, "बघते ताई, जमलं तर नक्की." मी फक्त 'नक्की' ऐकलं. खतखतं केलं, नेवऱ्या तळल्या, तिला आवडतं म्हणून मणगणं केलं. एक वाजला, दोन वाजले. फोन लावला तर लागेना. तीन वाजता तिचा निरोप आला : आईला बरं नाही, सकाळीच धारगळला आलो, रेंज नव्हती, माफ करा.

माणसाने यावर काय करावं? 'आई कशी आहे' असं विचारावं. मीही तेच लिहायला घेतलं. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या एका बाईने शाळेच्या फोनवरच्या गटात फोटो टाकला. ती बाई पेडण्याची. धारगळला हिच्या माहेरी गणपती बघायला गेली होती, आणि फोटोत ही तिच्या शेजारी, गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या माटोळीखाली उभी होती, हसत.

त्यानंतर मला काय झालं ते नीट सांगण्याचा प्रयत्न करते, कारण लोकांना वाटतं की असा माणूस चिडतो. आधी राग आलाच नाही. आधी पोटात एकदम रिकामं झालं. मी कुणीच नाही, मी या घरात नाही, मी कुठेच नाही, असं वाटलं. समोर मुलगी केळीच्या पानावर मीठ वाढत होती, ती मला लांब कुठेतरी दिसत होती. तो रिकामेपणा सहन होईना, म्हणून मग राग आला. राग आला की निदान आपण आहोत असं वाटतं.

संध्याकाळपर्यंत मी तिला वीस-बावीस वेळा फोन केला. निरोप पाठवले. पहिले विनवणीचे. मग टोमण्यांचे. मग असे की ते आज वाचता येत नाहीत. शेवटचा होता, 'मी नसले की कळेल तुला.' तिने उत्तर दिलं : 'ताई, असं नका ना लिहू. मी भेटल्यावर बोलते.' ते उत्तर वाचून मला समाधान झालं नाही. तिच्या आईची चौकशी मी केली नाही ती नाहीच.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. आमची बसायची खोली म्हणजे मुख्याध्यापिकेचीच खोली, एक लांब मेज आणि भोवती खुर्च्या. मी वह्या तपासत होते. ती आली, हातात डबा. सगळ्यांसाठी नेवऱ्या आणल्या होत्या. डबा मेजावर ठेवून माझ्या खुर्चीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, रागावलात?"

मी वहीवरून मान वर केली नाही. म्हणाले, "मी कशाला रागावू? मला कोण विचारतं?"

"असं काय हो. आई खरंच..."

"पुरे. सगळ्यांना फसवायची सवय आहे तुला." मग मी खोलीतल्या बाकीच्या चौघींकडे पाहिलं आणि स्वच्छ, वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाले, "हिला फेफरं येतं, माहीत आहे का तुम्हाला? सासरच्यांपासून लपवून लग्न केलंय. पर्स उघडून बघा, पिनांच्या डबीत गोळ्या आहेत."

त्या चौघींत बालवर्गाच्या बाई होत्या. त्यांचं घर तिच्या सासरच्या घराला लागून. हे मला माहीत होतं. बोलताना मी त्यांच्याकडेच बघत होते.

बाहेरून ट्रकांची रांग जात होती, जनेलाच्या काचा थरथरत होत्या. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पर्स उचलून छातीशी धरली, जणू मी ती हिसकावणार होते. म्हणाली, "मुलीची शपथ घेतली होती ना तुम्ही?" आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गात निघून गेली.

थोड्या वेळाने पलीकडच्या वर्गातून मुलांचा पाढ्यांचा आवाज आला. सातचा पाढा. ती सांगत होती, मुलं म्हणत होती. तिचा आवाज कुठेही कापला नाही.

आणि मला बरं वाटलं. हे मी लिहायचं टाळत होते. डोक्यावरून ओझं उतरावं तसं दहा मिनिटं मला छान हलकं वाटलं. वह्यांवर मी नीट शेरे लिहिले. मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या वर्गात गेले आणि म्हणाले, "चल गो, जेव. झालं गेलं." काहीच झालं नाही असं मला खरोखर वाटत होतं. माझा राग गेला होता, म्हणजे प्रकरण संपलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवून उठली. घाबरली होती ती. मला घाबरली होती.

आठवडाभरात तिच्या सासरी कळलं. सासूने आधी तिच्या हातचं पाणी बंद केलं. मग नवरा तिला धारगळला सोडून आला, 'सगळं नीट तपासून होईपर्यंत' म्हणून. वर्षाच्या मध्येच तिने पेडणे तालुक्यात बदली मागून घेतली. निरोपसमारंभ झाला नाही. तिची हजेरीवही मुख्याध्यापिकेने माझ्याच हातात दिली, कारण तिचा वर्ग मला जोडून दिला होता. वहीत तिच्या अक्षरात मुलांची नावं होती.

मी काय केलं? मी दिसेल त्याला माझी बाजू सांगितली. मी तिला किती जीव लावला, साड्या दिल्या, सणासुदीला स्वयंपाक केला, आणि तिने कसं तोडलं. त्या कहाणीत ते वाक्य कुठेच नसायचं. नवऱ्याने एकदाच विचारलं, "तू काय बोललंस ता सांग बघू." मी ताटावरून उठले. त्याच्यासमोर, मुलीसमोर, नको नको ते बोलले. मी जाते नदीकडे, म्हणाले. मुलगी दारात जाऊन उभी राहिली, आडवी, दोन्ही हात पसरून. सहावीतली मुलगी.

तरीही माझे डोळे उघडले नाहीत. ते उघडले मुलीच्या हनुवटीमुळे.

फेब्रुवारीत ती शाळेत खेळताना पडली. हनुवटी फुटली, चार टाके पडले. शाळेने नवऱ्याला फोन केला, तो सुर्ल्याहून धावत गेला, टाके घालून तिला घरी आणलं. मी शाळेतून आले तर ती पडवीत बसलेली, हनुवटीला पट्टी, गाल सुजलेला. मी पहिलं काय विचारलं? "मला का नाही कळवलं?"

नवरा म्हणाला, "अगो, घाई होती."

"घाई? मी आई नाही तिची? तुम्ही दोघांनी मिळून मला बाहेर काढायचं ठरवलंय." मग मी सुरू झाले. किती वेळ बोलत होते कोण जाणे. मध्येच मुलगी काहीतरी म्हणाली. टाक्यांमुळे तिला तोंड उघडता येत नव्हतं. मी ओरडले, "काय ते मोठ्याने बोल!" तिने एका हाताने हनुवटी धरली आणि ओठ न हलवता म्हणाली, "सॉरी आई. मीच शाळेत सांगितलं, आईला फोन करू नका म्हणून. तुला त्रास होतो ना."

मी तिथेच पायरीवर बसले. हनुवटी मुलीची फुटली होती आणि माफी ती माझी मागत होती. बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. म्हणजे हे असंच चाललं होतं, कितीतरी दिवस, आणि त्या घरात ते न कळलेली मी एकटीच होते. दोघं रोज एकमेकांना विचारत असणार, आज आई कशी आहे म्हणून.

दोन दिवसांनी मी नवऱ्याला म्हणाले, "मला कुठेतरी दाखवायला हवं." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर म्हापशाच्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा पत्ता होता. मुख्याध्यापिकेने तो त्याला सप्टेंबरातच दिला होता. पाच महिने तो कागद त्याच्या खिशात होता आणि त्याला माझ्यापुढे धरायची हिंमत झाली नव्हती.

पहिल्या तीन भेटींत मी डॉक्टरबाईंना बाकीच्यांचे स्वभाव सांगितले. बहिणीचा, शेजारणीचा, शिवणवालीचा, नवऱ्याचा. त्या ऐकून घ्यायच्या. तिसऱ्या भेटीत मी शाळेतली गोष्ट सांगितली, ती आली, मी रागात होते, आमचं वाजलं, तिने बदली घेतली. त्यांनी विचारलं, "वाजलं म्हणजे? तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

मला ते वाक्य उच्चारता येईना. वेळ संपली. पुढच्या भेटीपर्यंतचे पंधरा दिवस ते वाक्य माझ्या तोंडात होतं. चौथ्या वेळी खुर्चीत बसल्याबरोबर मी ते म्हटलं, जसंच्या तसं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. एवढंच विचारलं, "म्हटल्यावर कसं वाटलं?"

"बरं वाटलं," मी म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा रडले.

त्यानंतर दोन-तीन भेटींनी त्यांनी 'व्यक्तिमत्त्व विकार' हा शब्द वापरला. मला वेड लागलंय का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. शांतपणे समजावून सांगितलं. हट्ट, संशय, रुसवा, भीती हे सगळ्यांत असतं, थोडं थोडं. एखाद्यात ते इतकं घट्ट बसलेलं असतं की माणूस बदलला, जागा बदलली, तरी प्रसंग तोच घडतो. तरुणपणापासून घडत येतो. आणि त्या माणसाला मात्र दर वेळी वाटतं की चूक समोरच्याची. कुणी संशयाने पछाडलेला असतो, कुणी आपल्याच शिस्तीने, कुणाला दुसऱ्याचं दुःख पोहोचतच नाही. माझ्या बाबतीत मुळाशी सोडून दिलं जाण्याची भीती होती. म्हणून माणूस एकतर देव, नाहीतर चोर. मधलं काही मला दिसत नव्हतं. औषधाने हे जाणार नाही, झोपेसाठी थोडं देईन, बाकी आपण बोलत राहायचं, सवय लावायची, वर्षं लागतील, असं त्या म्हणाल्या. मग एक छापील कागद दिला. त्यात अशा स्वभावाची लक्षणं ओळीने लिहिली होती. "याच्यावरून कोणाला ठरवत बसू नका," त्या म्हणाल्या, "स्वतःलासुद्धा. फक्त वाचा."

म्हापशाहून परतताना बसमध्ये मी तो वाचला. मला वाटलं होतं की एखाद्या रोग्याचं वर्णन असेल. तर प्रत्येक ओळीत एकेक चेहरा निघाला. 'नाती एकदम जवळची, एकदम तुटलेली' म्हटलं तिथे बहीण. 'आवरता न येणारा राग' म्हटलं तिथे नवरा ताटापाशी मान खाली घालून बसलेला. 'सोडून जाऊ नये म्हणून धमक्या' म्हटलं तिथे दारात हात पसरून उभी मुलगी. शेजारी बसलेल्या बाईला दिसू नये म्हणून मी कागद उलटा धरला.

आणि इतकं होऊनही घरी आल्यावर मी काय म्हणाले? "ऐकलंत? मला आजार आहे. मी मुद्दाम करत नव्हते." माझ्या आवाजात चक्क सुटका होती. आता कोणी मला दोष देऊ शकणार नाही.

नवऱ्याने पायांवरची लाल धूळ धुतली, टॉवेलने पाय पुसले. मग म्हणाला, "होय, आजार आसा. पण ती बाई धारगळाक बसली हा. भोगूचा तिकाच लागला."

एवढं लांब वाक्य तो माझ्याविरुद्ध पहिल्यांदाच बोलला असेल. मी रागावले नाही, असं म्हणता येणार नाही. रागावले. पण खोलीत जाऊन बसले, डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे शंभर श्वास मोजले, आणि बाहेर आले तेव्हा तो खरं बोलला होता हे मला दिसत होतं.

तिची माफी मागायला जायचं मी लगेच ठरवलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तिच्यासाठी जाताय की स्वतःसाठी?" मी थांबले. वर्षभर थांबले. मग एक पत्र लिहिलं, आठ वेळा फाडून. माझ्या आजाराचं त्यात काही लिहिलं नाही. तुला भेटायचं नसेल तर उत्तर देऊ नको, असं लिहिलं. तीन महिने उत्तर आलं नाही. मग एक दिवस दोन ओळींचा निरोप आला : शनिवारी शाळा सुटल्यावर या. घरी नको.

धारगळला हमरस्ता आता इतका रुंद झालाय की बस कुठे थांबते ते विचारावं लागलं. तिची शाळा आत, शेतांच्या कडेला. मुलं गेली होती. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. थोडी जाड झाली होती, केस कापले होते. मला बघून उठली नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

मी "माझं..." एवढं म्हटलं, तोच ती म्हणाली, "बाई, माफी मागू नका. तुम्ही मागितली की मला द्यावी लागते."

मी मानेनेच बरं म्हटलं.

तिनेच सांगितलं. नवरा सहा महिन्यांनी स्वतःहून आला. आता दोघं धारगळलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. तो कामाला इथून जातो. सासूबाई अजून तिच्या हातचं खात नाहीत. चवथीला नवरा एकटाच डिचोलीला जातो. त्या पहिल्या महिन्यात, झोप नाही आणि गोळ्यांची वेळ नाही, तिला पाच वर्षांनी पुन्हा फीट आली होती. आईच्या अंगणात, तुळशीजवळ. हे ती अगदी सरळ आवाजात सांगत होती, सातचा पाढा सांगावा तशी.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मला एकच विचारायचंय. मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू पंचमीला आली नाहीस. एवढंच."

"माझी आई आजारी होती."

"माहीत आहे." आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं, "तेव्हाही माहीत होतं. तू खोटं बोलत नाहीस हे मला त्या खोलीत बोलताना माहीत होतं. बालवर्गाच्या बाई तुझ्या सासरच्या शेजारच्या, हेही."

तिने शेताकडे तोंड फिरवलं. भात कापून झालं होतं, गुरं सोडलेली होती. मला तिचा हात धरावासा वाटत होता, इतका की मी माझे हात मांड्यांखाली दाबून धरले. शेवटी ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल. रोज आठवून बघायची, मी काय बोलले, कशी बोलले." मग, "बरं झालं सांगितलंत." ती उठली, वर्गाला कुलूप लावलं. "साडेतीनची बस मिळेल तुम्हाला. पुन्हा येऊ नका, बाई. फोनही नको. मी रागाने नाही सांगत."

बस मिळाली. मी तिला त्यानंतर फोन केला नाही. खूपदा वाटलं. चवथीला वाटतं, जूनमध्ये वाटतं. बहिणीकडे मात्र गेले. तिने दार उघडलं, घरात घेतलं. तिचा मुलगा मला ओळखत नव्हता. मी त्याच्याशी बोलायला लागले की बहीण स्वयंपाकघरातून डोकावून बघते. तिचा काही दोष नाही.

म्हापशाला मी अजून जाते, महिन्यातून एकदा. राग येतो. तो बोलायच्या आधी ओळखता येतो, दहापैकी सहा-सात वेळा. बाकीच्या वेळी घरातले भोगतात, फक्त आता मी त्याला 'त्यांचीच चूक' असं नाव देत नाही.

मुलगी यंदा दहावीला आहे. गेल्या महिन्यात युनिफॉर्मला इस्त्री करता करता तिने मला एकदम विचारलं, "आई, तू त्या बाईंना नक्की काय म्हणाली होतीस? शाळेत वेगवेगळं ऐकलंय मी."

मी तिला सांगितलं. ते वाक्य सगळं सांगितलं. शपथ कुणाची घेतली होती तेही. ती इस्त्री उभी करून ऐकत होती.

"पुन्हा कुणाला असं करशील?" तिने विचारलं.

"करावंसं वाटेल," मी म्हणाले. "करणार नाही असं वाटतंय. पण खात्री देत नाही."

तिने मान हलवली. कॉलर उलटी केली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.